‘इतर’ला एक्केचाळीस ठिपके

“तुमचं कोणतं काम उद्यापासून बंद केलं, तर कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही?”

प्रश्न माझा नव्हता, वकिलाचा होता. वकील म्हणजे माझ्याच बाकावर बसणारी मैत्रीण. गृहपाठ आणला नाही की ती असा काही युक्तिवाद करते की शेवटी बाईच तिला सॉरी म्हणतात. गुरुवारी मधल्या सुट्टीत तिने हा प्रश्न माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि खाली दोनदा रेघ मारली.

“शनिवारी हा विचारायचा. सगळ्या मोठ्या माणसांसमोर. आहे हिंमत?”

“चिडतील ना ते,” चष्मी म्हणाली. ही आमच्या बाकावरची तिसरी.

“म्हणून तर.”

दोन महिन्यांपूर्वी मला असं कोणी सुचवलंच नसतं. तेव्हा वर्गात माझं नाव ‘म्यूट’ होतं. हजेरीला मी ‘हजर’ म्हणायचे ते फक्त मलाच ऐकू जायचं, त्यामुळे कागदोपत्री मी अख्खी सहावी गैरहजर होते. मग यंदा वादविवाद स्पर्धेच्या दिवशी एकीला ताप आला, बदली म्हणून मला पुढे ढकललं, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने परीक्षकांच्या आधी मीच दचकले. पहिलं बक्षीस. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. बाबा म्हणतो, घरातला रेडिओ आता कोणाला तरी देऊन टाकू.

तर शनिवार. आईच्या कार्डावर ‘सुलभक’ असं छापलंय, आणि तो शब्द वाचून आजवर एकालाही काही सुलभ झालेलं नाही. ती नियोजनाचे दिवस घेते. एखादी संस्था दिवसभर एका खोलीत बसते, पुढच्या तीन वर्षांत काय करायचं आणि काय सोडायचं ते ठरवते. आई काहीच ठरवत नाही. जे बोलत नाहीत त्यांना बोलतं करायचं आणि जे थांबत नाहीत त्यांना थांबवायचं, एवढंच तिचं काम. तिची एक युक्ती मला फार आवडते. प्रश्न विचारला की ती गप्प बसते आणि मनात दहा मोजते. सातापर्यंत कोणालातरी ती शांतता सहन होत नाही आणि ते बोलतात. खरं म्हणजे दहापर्यंत जायची वेळच येत नाही, असं ती म्हणते.

बुधवारी तिचा घसा बसला. डॉक्टरांनी आठवडाभर बोलायला बंदी घातली. आई कुजबुजत सकाळचं सत्र कसंबसं ओढणार होती, पण जेवणानंतरचं, जेव्हा निम्मी माणसं डुलक्या घेतात, ते कोण घेणार? मी म्हटलं, मी घेते. सुट्टीत मी तिच्याबरोबर कितीतरी ठिकाणी चिठ्ठ्या कापायला गेलेय, सगळं पाठ आहे. आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या लहानपणच्या पाटीवर लिहिलं, ‘फक्त ठिपक्यांचं सत्र.’ मग पुसून, ‘यादी त्यांच्याच शब्दांत उतरव. एकही शब्द तुझा नको.’

ठिपक्यांचं सत्र सोपं असतं. मोठ्या कागदावर संस्थेची सगळी कामं लिहायची. प्रत्येकाला तीन लाल गोल स्टिकर द्यायचे. जे काम सोडावंसं वाटतं त्याच्यापुढे ते चिकटवायचे. सगळ्यांनी एकदम, म्हणजे कोणी कुठे लावले ते कळत नाही. मग मोजायचे.

संस्थेने बारा कामं पाठवली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी जमिनीवर पालथी पडून मार्कर काढले. मथळा लिहिला, ‘आपली दिशा’. तो इतका छान आला की त्याला मी सावली दिली. सावली निळी, कडा केशरी. आईच्या कागदांवर असं काही नसतं, तिचं अक्षर डॉक्टरांसारखं. वीस मिनिटं मी त्या मथळ्यात घालवली आणि मग कामं लिहायला घेतली: औषधं घरपोच, दवाखान्यात सोबत, नळ-दिव्यांची दुरुस्ती, चाकाच्या खुर्च्या उसन्या देणे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीची संस्था होती ती. नवव्या कामाला कागद संपला. खाली एका ओळीपुरती जागा होती आणि तीन कामं शिल्लक. छत्र्या-काठ्यांची दुरुस्ती. वाढदिवसाची कार्डं. सकाळचे फोन.

छत्र्या, कार्डं, फोन. ऑफिसात फोन तर सगळेच उचलतात, त्याला काम काय म्हणायचं, असं मला वाटलं. नवीन कागद घेतला असता तर मथळा पुन्हा करावा लागला असता. मी शेवटच्या ओळीत हिरव्या मार्करने लिहिलं, ‘इतर’.

आईने रात्री लवकर औषध घेऊन झोपण्याआधी कागद उलगडून बघितला नाही. तिने माझ्यावर सोपवलं होतं.

संस्थेचं सभागृह म्हणजे जुनी व्यायामशाळा. भिंतीला लाकडी शिड्या, जमिनीवर पुसट झालेल्या खेळाच्या रेघा. मी शिडीच्या दांड्यांना कपड्यांचे चिमटे लावून माझा कागद टांगला आणि तो सत्रापर्यंत उलटा ठेवला. अठ्ठावीस माणसं. पगारी कर्मचारी पाच, बाकी सगळे स्वयंसेवक. संचालिका, ज्यांना सगळे मोठ्या ताई म्हणतात. समन्वयक, जो दर दोन मिनिटांनी खिसे चाचपतो. एक निवृत्त प्लंबर, नळवाले आजोबा, पाना घेऊनच आले होते, न जाणो.

सगळ्यात उशिरा आल्या त्या गजरबाई. साडेनवाच्या सुमारास, धापा टाकत, “सॉरी हं, एकांनी उचलला नाही, मग शेजारणीला उठवावं लागलं. आंघोळ चालली होती त्यांची.” मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. सडपातळ, पांढरे केस घट्ट बांधलेले, आवाज मात्र असा स्वच्छ की मागच्या रांगेतूनही शब्दन्‌शब्द कळावा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं होत्या, असं त्यांनीच सांगितलं. ‘गजर’ का म्हणतात ते मी विचारलं नाही.

जेवायला त्या माझ्या शेजारी बसल्या. आईने मला पुढे केलंय म्हटल्यावर सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि मी फुलून गेले होते.

“आवाज मोठा आहे तुझा,” त्या म्हणाल्या आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला. “जपून वापर. घोट घोट पाणी पीत जा. आम्हाला शिकवायचे.”

मी त्यांना वादविवाद स्पर्धा सांगितली. पूर्ण. विषय, प्रतिपक्षाचे मुद्दे, मी ते कसे खोडले, परीक्षक काय म्हणाले. सोमवारी पाच वाजता पुढच्या फेरीसाठी निवड आहे आणि मीच जाणार हे जवळजवळ नक्की आहे, तेही. त्या ऐकत राहिल्या. मधूनमधून “मग?” म्हणायच्या, तेही खरं विचारल्यासारखं. त्यांचं ताट संपलं, माझं तसंच. एवढ्या वेळात मी त्यांना एकदाही विचारलं नाही की काकू, तुम्ही इथे काय करता.

मग माझं सत्र.

आईने माझ्यासाठी प्रश्न लिहून दिला होता, ‘कोणत्या कामावरचा वेळ कमी करता येईल?’ मी तो कागद खिशात घातला, टांगलेला कागद सुलटा केला, मथळ्याला “वा” मिळाली, आणि मी वकिलाचा प्रश्न विचारला. पूर्ण आवाजात. नळवाले आजोबा म्हणाले, “पोरगी सरळ मानेला हात घालतेय,” आणि सभागृह हसलं. कोणीच चिडलं नाही. उलट झोपा उडाल्या. आई मागच्या खुर्चीत ताठ बसली, तिने भुवया वर केल्या, पण मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

ठिपके वाटले. सगळे एकदम उठून कागदाकडे आले, धक्काबुक्की, विनोद. “माझे नळ सोडून कुठेही लावा रे.” गजरबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या, तीन बोटांच्या टोकांवर तीन लाल ठिपके. चष्मा वर करून त्यांनी खालची ओळ वाचली.

“बाळा, हे ‘इतर’ म्हणजे काय गं?”

“काही नाही काकू, उरलंसुरलं.”

“मग उरलंसुरलंच जाऊ दे की,” त्या म्हणाल्या आणि तिन्ही ठिपके तिथे लावले. नीट, एका रेषेत.

मी मोजले. मोठ्याने, टेबलावर बोटांनी ढोल वाजवत. औषधं शून्य. सोबत एक. खुर्च्या चार. आणि ‘इतर’ला एक्केचाळीस. मी लाल मार्कर घेऊन त्या हिरव्या शब्दावर मोठी फुली मारली आणि म्हटलं, “इतर, आउट.” टाळ्या पडल्या. गजरबाईंनीही वाजवल्या.

“पण काय गेलं ते तर सांगा,” नळवाले आजोबा म्हणाले. “नळाचं काही त्यात नाही ना घुसडलं?”

समन्वयकाने खिसे चाचपले आणि संस्थेची मूळ यादी काढली. “थांबा हं. नऊ तर वर आहेत. म्हणजे इतर म्हणजे… छत्र्या-काठ्यांची दुरुस्ती. वाढदिवसाची कार्डं. सकाळचे…” तो थांबला. “सकाळचे फोन.”

कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच हसू गिळलं. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तेव्हा मला कळलं.

गजरबाई आपल्या बोटांकडे बघत होत्या. स्टिकरचा चिकटपणा अजून राहिला असेल, कारण त्या बोटं एकमेकांवर घासत होत्या.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “माझेही तीन तिथेच आहेत.” आणि हसल्या. “चला, म्हणजे एकमताने झालं.”

“तसं कोणाच्या मनात नव्हतं हो,” मोठ्या ताई घाईने म्हणाल्या. “आम्हाला माहीतच नव्हतं की त्यात…”

“असू दे ना. प्रश्न साधाच होता. बंद झालं तर कोणाच्या लक्षात येणार नाही. खरं आहे ते. पावणेसातला सुरू करते, साडेआठपर्यंत चौतीस जण. उचलतात, ‘उठलोय’ म्हणतात, ठेवतात. नऊ वर्षांत काही झालं असेल ते पाच-सहा वेळा. बाकी रोज काहीच होत नाही. काहीच झालं नाही हे कोणाच्या लक्षात कसं येणार?”

हे बोलताना त्यांच्या आवाजात जराही तक्रार नव्हती. ती असती तर बरं झालं असतं. मला भांडायला येतं, मुद्दे खोडायला येतात. इथे खोडायला काही नव्हतं.

“पण यादीत ‘इतर’ कुठून आलं?” मोठ्या ताईंनी समन्वयकाकडे पाहिलं. “आपण असं पाठवलं होतं?”

त्याच्या हातात मूळ कागद होता, बारा कामांचा, तरी तो बिचारा गोंधळला. कान लाल झाले. “पाठवताना माझ्याकडूनच काहीतरी… बघतो मी.”

मग शांतता.

ती मला ओळखीची होती. कोणीतरी बोलायची वाट बघणारी शांतता. माझ्या हातात लाल मार्कर उघडाच होता. एक, मी मोजलं. दोन. ‘यादी मी केली’ एवढे तीन शब्द. चार. व्यायामशाळेच्या छतापर्यंत जाणारा माझा तो आवाज, बक्षीसवाला, घशात कुठेतरी जाऊन बसला होता. मी परत म्यूट झाले होते. फक्त आधी मी घाबरट होते म्हणून बोलत नव्हते, आता शहाणी दिसत होते ती तशीच दिसत राहावी म्हणून. सात. समन्वयक जमिनीवरच्या रेघा बघत होता. आठ. माझ्या मथळ्याची सावली सुंदर दिसत होती. नऊ.

मागून माइकमध्ये खरखर झाली. “यादी माझ्याकडे तयार झाली,” आई कुजबुजली. “चूक माझी आहे. हे मतदान धरू नका.”

पण गजरबाईंनी ऐकलं नाही. पिशवीतून फोन नंबरांची एक जाड वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. रबर बँड लावलेली, कोपरे चेपलेले. “ही ऑफिसात राहू दे. महिनाअखेरपर्यंत मी करते. माझंही वय झालंच आहे, उद्या मला कोण फोन करणार?” लोक पुन्हा हसले, कारण हसायचं म्हटल्यावर बरं वाटतं. मोठ्या ताई म्हणाल्या, सोमवारी संध्याकाळच्या बैठकीत नक्की करू. आणि चहा आला. बिस्किटं आली. समन्वयक माझ्याजवळ येऊन म्हणाला, “तू छान घेतलंस हं. आमचाच घोळ झाला.” मी म्हटलं, “थँक यू.”

खरंच म्हटलं. थँक यू.

निघताना फोन बघितला. वकिलाचे सहा मेसेज. ‘विचारलंस का?’ मी लिहिलं, ‘विचारलं.’ ‘मग??’ मी लिहिलं, ‘सगळे हसले.’ यात एकही शब्द खोटा नव्हता. चष्मीने टाळ्यांची रांग पाठवली.

बसमध्ये आई बोलली नाही. तिला बोलायचं नव्हतंच, डॉक्टरांनी सांगितलेलं, तरी मला कळत होतं की हे न बोलणं डॉक्टरांचं नाही. घरी बाबा भाजी चिरत होता. तो एका शाळेत गणित शिकवतो, सुदैवाने माझ्या नाही. “काय मग, लाउडस्पीकर? गाजवलंस?”

मी सांगायला सुरुवात केली. प्रश्न, हशा, ठिपक्यांची धक्काबुक्की, नळवाल्या आजोबांचा पाना. एक्केचाळीसपाशी आले आणि पुढे सांगताच येईना. आई गरम पाणी पीत माझ्याकडे बघत होती.

“तू का घेतलंस अंगावर?” मी तिलाच विचारलं, जसं काही तिचंच चुकलं.

तिने पाटी ओढली. ‘माझ्या दिवसात झालेली चूक माझीच असते.’ पुसलं. मग हळूहळू लिहिलं, ‘पण मी आधी दहा मोजले.’

बाबाला काही कळलं नाही. मला कळलं. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि उशीत तोंड घातलं. तिला माहीत होतं, मी बोलू शकते. अख्ख्या सभागृहात तिलाच एकटीला माहीत होतं की कोणी बोलायचं बाकी आहे. आणि ती वाट बघत होती, दहापर्यंत, जिथपर्यंत जायची तिच्यावर कधी वेळच येत नाही.

रविवारी मी आपोआप पावणेसातला उठले. त्या आत्ता पहिला नंबर फिरवत असतील, हे डोक्यातून जाईना. पहिल्यांदा मी त्यांना पत्र लिहायला घेतलं. ‘प्रिय काकू, मला तुम्हाला सांगायचं आहे की’पासून सुरू झालेलं दोन पानी पत्र. वाचलं तर चांगलं जमलं होतं. शेवट तर असा की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं आणि त्याने लगेच मला माफ करावं. मी ते फाडलं. मग आरशासमोर उभं राहून तेच बोलून बघितलं. हात आपोआप हलायला लागले. ‘माफ करा’ या शब्दांवर आवाज कापरा झाला, मुद्दाम नाही, पण झाला तो नेमका जागेवर. शी. माझी मलाच किळस आली.

शेवटी नवीन कागद घेतला आणि जमिनीवर पालथी पडले. मथळा नाही, सावली नाही, एकच काळा मार्कर. बारा ओळी, सारख्या उंचीच्या. आधी पट्टीने मोजून खुणा केल्या आणि मगच लिहिलं. बारावी ओळ लिहिली, ‘सकाळचे फोन’. खाली चार बोटं जागा उरली. बाराच्या बारा मावत होती. शुक्रवारीही मावली असती.

कागदाची गुंडाळी करून मी स्वयंपाकघरात गेले. बाबा चहा गाळत होता, आई पाटीवर त्याला काहीतरी आणायची यादी लिहून देत होती. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं माझे डोळे सुजलेले असावेत.

“उद्या पाच वाजता मी निवडीला जाणार नाही,” मी म्हटलं. आवाज बारीकच निघाला, हजेरीवाला. मी तो मोठा केला नाही. “त्या वेळी संस्थेची बैठक आहे, मी तिथे जाणार आहे.”

“अगं पण फेरी?” बाबा म्हणाला. “बाईंना काय सांगशील?”

“सांगेन खरं ते. दुसरी कोणीतरी बोलेल, त्यांच्याकडे बोलणाऱ्या खूप आहेत.” मी गुंडाळी टेबलावर ठेवली. “ही बारा कामांची यादी आहे, त्यांच्याच शब्दांत. मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की ‘इतर’ मी लिहिलं, समन्वयकदादाने नाही आणि आईने नाही. गजरबाई विचारत होत्या तेव्हा उरलंसुरलं मीच म्हटलं, तेही. मग पुन्हा ठिपके लावायचे की नाही ते संस्थेने ठरवावं. गजरबाईंनी महिनाअखेरीला थांबायचंच म्हटलं, तर ती वही मी मागणार आहे. पावणेसातला मी उठू शकते, आज उठले. त्या शिकवतील तसं करेन, रोज, शाळेच्या आधी. आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर यायचं नाही. आई, तू तर नाहीच.”